भाजल्यावरची पहिली वीस मिनिटे

घरात भाजण्याचे बहुतेक प्रसंग स्वयंपाकघरात घडतात: चहाचे आधण सांडते, कढईतले तेल उडते, कुकरची वाफ हातावर येते. दिवाळीत त्यात भुईनळे आणि फुलबाज्यांची भर पडते. ६० अंश सेल्सिअस तापलेले पाणी मोठ्या माणसाची त्वचा सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजू शकते. ७० अंशांना एखादा सेकंद पुरतो. चकली तळायचे तेल १७० अंशांच्या वर असते. लहान मुलांची त्वचा पातळ, त्यामुळे त्यांना याहूनही कमी वेळ लागतो.

फक्त वरची त्वचा भाजली तर जागा लाल होते, झोंबते, पण फोड येत नाही. आठवड्याभरात ती बरी होते. आतल्या थराला धग लागली की फोड येतो आणि फोडाखालची त्वचा ओलसर, गुलाबी दिसते. ही जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. त्याहून खोल भाजलेली जागा पांढरी किंवा तपकिरी, चामड्यासारखी होते आणि तिथल्या मज्जातंतूंची टोकेच जळाल्यामुळे ती फारशी दुखत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे थोडेच भाजले’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

त्वचा भाजते ती केवळ चटका बसण्याच्या क्षणी नव्हे. गॅस बंद केल्यावरही तवा तापलेला राहतो, तशी त्वचेत शिरलेली उष्णता आत काम करीत राहते. ब्रिटिश शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ साली भाजलेल्या जागेचे तीन पट्टे वर्णिले. सर्वांत आतला भाग मेलेला असतो. त्याभोवतीच्या पट्ट्यात रक्तप्रवाह मंदावलेला असतो, आणि तो भाग पुढच्या एक-दोन दिवसांत जगतो किंवा मरतो. सर्वांत बाहेरचा लाल भाग आपोआप सुधारतो. प्रथमोपचाराची सारी धडपड या मधल्या, काठावरच्या पट्ट्यासाठी आहे.

त्यासाठी लागते ते नळाचे साधे पाणी. भाजलेला भाग लगेच वाहत्या पाण्याखाली धरावा आणि पूर्ण २० मिनिटे धरून ठेवावा. दोन मिनिटांत आग कमी झाली म्हणून हात काढून घेतला जातो, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. काही कारणाने उशीर झाला, तरी तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. नळाला पाणी नसेल तेव्हा बादलीतून तांब्याने सावकाश ओतत राहावे, किंवा ओला स्वच्छ कपडा वारंवार बदलावा. तान्ह्या बाळाचे बाकीचे अंग मात्र पांघरुणात ठेवावे. ते चटकन गार पडते. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधीच काढावे. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये.

पाणी लावले की फोड येतो, ही समजूत महाराष्ट्रात घरोघर आहे आणि तिने फार नुकसान केले आहे. फोड उष्णतेने येतो. पाणी लावले नाही तरी तो येणारच असतो. पाण्याने उलट त्याखालची त्वचा वाचू शकते. बर्फ मात्र टाळावा. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच अडचणीत आलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आणखी घटतो. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, पीठ यांतले काहीही लावू नये. तेलकट लेपाखाली उष्णता अडकते, रंगीत लेपाने डॉक्टरांना जखमेची खोली कळत नाही, आणि तो खरवडून काढताना रुग्णाचे हाल होतात.

बटाट्याच्या साली आणि केळीची पाने यांचा दाखला इथे पुष्कळदा दिला जातो. मुंबईत डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या, आणि डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांच्या पट्ट्या भाजलेल्या रुग्णांवर वापरल्या, हे खरे आणि अभिमानाचे आहे. पण जखमेला न चिकटणारे, स्वस्त, निर्जंतुक केलेले आवरण हा त्यामागचा हेतू होता. कच्चा बटाटा किसून लावणे म्हणजे तो उपचार नव्हे.

गार केल्यानंतर जखम साबण-पाण्याने हलकेच धुवावी, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि वर न चिकटणारे गॉज ठेवून सैल पट्टी बांधावी. कापूस थेट लावू नये. त्याचे धागे जखमेत अडकतात. फोड फोडू नये, वरची कातडी हेच चांगले आवरण असते. तो आपोआप फुटला तर धुऊन पट्टी बदलावी. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. मुलांना ते वजनानुसार द्यावे, ॲस्पिरिन देऊ नये. सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम सवयीने लावले जाते, पण किरकोळ जखमेला त्याची गरज नसते आणि त्याने जखम भरायला वेळ लागू शकतो. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ लोटला असेल, तर डॉक्टरांना विचारावे.

रुग्णाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी जखम, चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जननेंद्रियावरची जखम, वीज किंवा रसायनाने झालेली जखम असलेले रुग्ण, तसेच तान्ही बाळे आणि वृद्ध यांना घरी ठेवू नये. डोळ्यात चुना गेला तर निदान अर्धा तास पाण्याने धूत राहावे आणि तडक नेत्रतज्ज्ञ गाठावा. मधुमेह्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी: पायाची संवेदना कमी झालेली असल्याने शेकण्याच्या पिशवीने भाजलेले त्यांना कळतही नाही, आणि छोटासा फोड महिनोन्महिने चिघळतो. ताप, पू, दुर्गंधी किंवा पसरत जाणारी लाली दिसली, अथवा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर कोणीही थांबू नये.

भरलेल्या जागेवरची नवी त्वचा कोरडी असते आणि खाजते. दिवसातून दोन-तीनदा खोबरेल तेल हलक्या हाताने चोळले की आराम पडतो. उन्हाने तिथे काळे डाग पडतात, म्हणून पुढचे काही महिने ती झाकून ठेवावी किंवा सनस्क्रीन लावावे.