अश्रू आणि धोंड

आपल्या धर्मग्रामात एखाद्या घरी मृत्यू झाला म्हणजे ते घर एकटे पडत नाही. चर्चच्या घंटेचे संथ ठोके कानी आले की वाडीत शिंपणे करणारा माणूसही हातचे काम ठेवून घराकडे वळतो. त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या घरांतून जेवण येते. रात्री अंगणात बाके मांडून रोजरी म्हटली जाते, सातव्या दिवशी, महिन्याला आणि वर्षाला मिस्साबलिदान अर्पण केले जाते, आणि २ नोव्हेंबरला सारा गाव कबरस्थानात मेणबत्त्या घेऊन उभा राहतो. दुःखिताचे सांत्वन कसे करावे, हे आपल्या वाडवडिलांनी आपल्याला उत्तम शिकविले आहे.

ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून दोन मुदती काम करताना मात्र एक विचार आमच्या मनात घर करून राहिला. लोकप्रतिनिधीला अंत्यविधी चुकवून चालत नाही. त्यामुळे प्रभागातील जवळजवळ प्रत्येक शवपेटीच्या मागून आम्ही चाललो आहोत. त्यांतील बहुतेक माणसे वयाने किंवा आजाराने गेली. परंतु काही मृत्यू निराळे होते. एखादा कठडा नसलेल्या साकवावरून पडून गेला, एखादी लोंबकळणाऱ्या वीजतारेने गेली, एखादा दिवा नसलेल्या वळणावर गेला. अशा प्रत्येक वेळी ‘देवाची इच्छा’ हे शब्द आम्ही ऐकले. बोलणाऱ्यांचा हेतू दुःख हलके करण्याचाच होता, यात शंका नाही. तरीही शवपेटी त्याच साकवावरून नेताना ते शब्द मनाला टोचत.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक स्पष्ट आहे. निर्गमाच्या पुस्तकात असा नियम आहे की कोणी खड्डा खणून तो उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल वा गाढव पडले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. अनुवादाच्या पुस्तकात नवे घर बांधणाऱ्याला छपरास कठडा करण्याची आज्ञा आहे. कारण वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घराला लागेल. कठडा आणि झाकण या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी देवाच्या नियमशास्त्रात आल्या आहेत. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती ही समजूत प्रभू येशूने साफ नाकारली आणि ऐकणाऱ्यांनाच हृदयपालट करण्यास सांगितले. २०२५ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस आपल्या विरारमध्ये एक अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे गेली, तेव्हा लूकच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग आम्हांला पुन्हा पुन्हा आठवत होता. मेलेल्यांनी काय केले असेल हे विचारायचे नसून, जिवंत राहिलेल्यांनी आता काय बदलावे हे विचारायचे आहे.

हे सारे आम्ही तटस्थपणे लिहू शकत नाही, कारण हा प्रश्न आमच्या घरातूनच गेला आहे. २०१९ च्या जुलैमध्ये आमच्या धाकट्या भावाचा नऊ वर्षांचा मुलगा घरामागच्या बावखलात बुडाला. चार मुले काठावर खेळत होती. शेवाळलेल्या दगडावरून याचा पाय घसरला. बरोबरची मुले हाका मारीत धावली. पण पाण्यात फेकावे असे काठावर काहीच नव्हते. मोठी माणसे पोहोचली तोवर उशीर झाला होता.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे, की बावखल हे आपल्या वाड्यांचे काळीज. आपल्या पूर्वजांनी ती हातांनी खणली. निघालेल्या मातीने घरांची जोती आणि वाडीची जमीन उंच केली. खोलगट भागात पावसाचे गोडे पाणी साठले. त्यावर रहाट फिरवून केळी, पानवेली आणि फुलझाडे वाढविली. समुद्र एवढा जवळ असूनही आपल्या विहिरींचे पाणी गोडे राहिले, त्यात बावखलांतून मुरणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा आहे. नळ आले, रहाट थांबले, आणि पुष्कळ बावखलांवर जलपर्णी पसरली. जी जागा दिवसातून दहा वेळा माणसांच्या नजरेखाली असे, ती घरामागे विसरली गेली.

महिना लोटला. १५ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सणही तोच, आणि ग्रामसभेचा दिवसही तोच. त्या सभेत पहिलीच मागणी आली : बावखल बुजवा. एकट्या त्या बावखलाची नव्हे, प्रभागातील सगळ्यांची. मागणी करणारे आमच्यावर माया करणारे लोक होते. त्यांतील काहींनी आमच्या पुतण्याला खांद्यावर खेळविले होते. मातीभरावाचे डंपर दोन रात्रींत फुकट काम करून देतील, असेही एकाने सांगितले. ते खरेच होते. आपल्या भागात भराव टाकायला जागा शोधणारे ट्रक कमी नाहीत, आणि भरलेल्या जागेला उद्या गिऱ्हाईक मिळते हेही सर्वांना ठाऊक असते.

सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. ‘तुमच्या घरचे दुःख आहे, तुम्ही म्हणाल तसे,’ असे सरपंच म्हणाले. एका वाक्यात सारे गाव आमच्या हाती आले होते. आमच्या मनाचे विचाराल तर ते पाणी पुन्हा दृष्टीस पडू नये असेच त्या दिवशी वाटत होते. पण ‘तुम्ही म्हणाल तसे’ या शब्दांनीच आम्हांला थांबविले. लोकांनी मत दिले होते ते गावाच्या कामासाठी. आमच्या दुःखाने गावाचा निर्णय करावा यासाठी नव्हे.

आणि गावाचे हित दुसरीकडे होते. एकच वर्ष आधी, २०१८ च्या जुलैमध्ये, वसई, नालासोपारा आणि विरार पाण्याखाली गेले होते. रेल्वे बंद पडली, वीज गेली, मिठागरांत कामगार अडकून पडले, तळमजल्यांवरचे संसार भिजले. पाणी जायचे ते नाले अरुंद झाले होते आणि पाणी थांबायचे त्या सखल जागांवर भराव पडला होता. त्या पुरानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी या संस्थांकडून अभ्यास करवून घेतला. पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवणारे तलाव असावेत, ही त्यातील एक सूचना. आपल्या पूर्वजांनी तसे तलाव खणूनच ठेवले होते. ते आपण एका मुलाच्या नावाने बुजविले असते, तर पुढच्या पुरात कोणाच्या घरातील म्हातारी माणसे अडकतील, याचा हिशेब कोणी ठेवणार नव्हते.

आम्ही उठून एवढेच म्हणालो, की निर्णय आज नको; एक महिना द्यावा, आणि तोवर सर्वांनी मिळून प्रभागातील बावखले पाहून यावीत. सभेत कुजबूज झाली. काहींना आमचे काळीज दगडाचे वाटले. एक वृद्ध नातेवाईक त्यानंतर कित्येक दिवस आमच्याशी बोलत नव्हते.

सारा प्रश्न सोडविला तो आमच्या भावजयीने. महिनाभर ती त्या वाटेने गेली नव्हती. एका संध्याकाळी तिने आम्हांला बोलावून घेतले आणि शांतपणे सांगितले, की पाणी बुजवून तिचा मुलगा परत येणार नाही. पण गावातल्या एकाही मुलाला पोहता येत नाही, हे तिला आता रात्री झोपू देत नाही. मुलांपासून पाणी तोडू नका, मुलांना पाणी शिकवा, एवढेच तिचे मागणे होते. आम्ही ते तिच्या संमतीने पुढच्या सभेत मांडले, आणि नंतर कोणी बुजविण्याचा विषय काढला नाही.

काम मात्र सोपे नव्हते. आमच्या प्रभागात अकरा बावखले निघाली, आणि बहुतेक खाजगी मालकीची. घरामागच्या एकाच बावखलाच्या सातबारावर सात नावे. त्यांतील दोघे वारलेले, एक आखातात. खाजगी जागेवर ग्रामपंचायतीचा पैसा खर्च करता येत नाही, म्हणून संमतीपत्रे गोळा करण्यात वर्षाहून अधिक काळ गेला. रस्त्याकडेची चार फुटांची भिंत पंचायतीने बांधली. आतल्या पायऱ्या, एकच फाटक, जलपर्णी काढणे, हे तरुणांनी श्रमदानाने केले. प्रत्येक बावखलाच्या काठी खांबाला दोरी, लांब बांबू आणि टायरची हवा भरलेली ट्यूब टांगली. दर मे महिन्यात पोहण्यात तरबेज असलेली वडीलधारी माणसे सकाळच्या वेळी मुलांना पाण्यात उतरवतात. पहिल्या वर्षी फाटकाशी उभी राहून मुलांची नावे लिहून घेणारी व्यक्ती आमची भावजय होती.

बुडून होणारे मृत्यू नशिबाचे नसतात, हे आता जगानेही मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. संघटनेने सुचविलेले उपाय कोणत्याही गावाला परवडतील असे आहेत : पाण्याभोवती आडोसा, लहान मुलांवर नजर, मोठ्या मुलांना पोहण्याचे शिक्षण, आणि काठावरच्या माणसांना सुटकेचे शिक्षण. यातील शेवटचे फार महत्त्वाचे. बुडणाऱ्यामागे पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. दोरी, बांबू किंवा बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा. बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबत राहावी आणि कोणीतरी लगेच १०८ ला फोन करावा. हे आपल्या प्रत्येक कुटुंबात एकाला तरी यावयास हवे.

राजकारण हे भल्या माणसाचे काम नव्हे, असे आपल्या समाजात अजून पुष्कळांना वाटते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली प्रापंचिकांविषयी लिहिलेल्या प्रबोधनपत्रात नेमके उलट सांगितले आहे : सत्तालोभाचे व भ्रष्टाचाराचे आरोप कितीही होवोत, त्या कारणाने ख्रिस्ती माणसाने सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेऊ नये. आमचा अनुभव लहानशा प्रभागाचा आहे; पण त्यातून एक गोष्ट आम्हांला पटली. दुःख माणसाला डोळे देते. ज्याच्या घरातून शवपेटी निघाली आहे त्याला उघडे गटार दिसते, तुटका कठडा दिसतो, इतरांना जे सवयीचे झाले ते त्याला सवयीचे होत नाही. परंतु त्याच दुःखाला कोणीतरी दोषी हवा असतो आणि काहीतरी ताबडतोब हवे असते. डोळे दुःखाकडून घ्यावेत; निर्णय मात्र सर्वांनी मिळून, सर्वांचा विचार करून घ्यावा. यालाच आम्ही सेवा म्हणतो. ती संथ असते, कागदपत्रांत अडकते, आणि पुष्कळदा तिचे आभार कोणी मानीत नाही. कारण जो अपघात झालाच नाही, त्याची आठवण कोणाला राहणार?

बेथानीला लाजरसाच्या कबरेपाशी प्रभू येशू रडला. आपल्या श्रद्धेला या अश्रूंचा मोठा आधार आहे. पण अश्रूंनंतर लगेच त्याने जमलेल्या लोकांना धोंड बाजूला करावयास सांगितले. मृताला उठविणारा तो होता. त्याला धोंड हलविणे अवघड नव्हते. तरीही तेवढे काम त्याने शेजाऱ्यांच्या हातांसाठी राखून ठेवले. आपण अश्रूंचा भाग पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने सांभाळला आहे. आता प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने पाऊस सुरू होण्याआधी एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, आपल्या आळीतून एक फेरी मारावी : उघड्या विहिरी, तुटलेले साकव, लोंबत्या तारा, अंधारी वळणे एका कागदावर लिहून काढावीत आणि तो कागद घेऊन ग्रामसभेला किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जावे. एकट्याने नव्हे, दहा-वीस जणांनी मिळून जावे. धोंड जड असते. ती हलवायला पुष्कळ हात लागतात, आणि आपल्या धर्मग्रामात हातांची उणीव नाही.