मूळ प्रत

पाठचिकित्सा आम्ही ज्यांच्यापाशी शिकलो, त्या सरांच्या निधनानंतर त्यांनी मावळात फिरून जमविलेल्या बोलीशब्दांच्या नोंदी उतरवून घेण्याचे काम आमच्याकडे आले. नोंदी त्यांच्या जुन्या संगणकावर, युनिकोडपूर्व काळातील एका मराठी प्रणालीत होत्या. ती प्रणाली आणि तिचे फॉन्ट असतील तरच ती अक्षरे मराठी; एरवी नुसती रोमन चिन्हांची गर्दी.

डिस्क भरली होती, म्हणून आम्ही सफाईस हात घातला. काही जुने फॉन्ट काढले. विंडोजच्या पोटात ‘इन्स्टॉलर’ नावाचे एक लपविलेले फोल्डर सापडले. त्यातील निरर्थक नावांच्या फाइलीही पुसल्या. दुसऱ्या दिवशी प्रणाली उघडली, तर ती आपली डागडुजी आपणच करू लागली आणि मध्येच थांबून मूळ सीडी मागू लागली.

मग वाचून पाहिले तेव्हा आमचा अपराध उमगला. 1999 साली ऑफिस 2000 बरोबर आलेली ही इन्स्टॉलर यंत्रणा प्रत्येक प्रणालीच्या स्थापनेची संहिता त्या लपलेल्या फोल्डरमध्ये जपते. जुन्या विंडोजमध्ये जागा वाचावी म्हणून या संहितेतून प्रत्यक्ष फाइलींचा गठ्ठा गाळला जाई. तो कोठून आला, तेवढा पत्ता मात्र नोंदलेला असे. म्हणजे ग्रंथालयात कार्ड आहे, पुस्तक नाही. आम्ही तर कार्डही फाडले होते. नव्या आवृत्तीची सीडी मिळवून घातली. पण ती आधी जुनी आवृत्ती काढू पाहते, आणि जुनी काढायलाही तिची मूळ संहिताच लागते.

एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा ताडून पाहण्यास प्रती तरी होत्या. लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली, तेव्हा महानुभावांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले, असे परंपरा सांगते. इन्स्टॉलरला असे स्मरण नाही. त्याला तीच फाइल, त्याच नावाची हवी. जवळचा पाठ तो मान्य करीत नाही.

अखेर काकूंनी पावत्यांच्या पाकिटात जपलेली सीडी काढून दिली. पाकिटावर सरांच्या हस्ताक्षरात आवृत्तीचा क्रमांकही होता. आम्ही ती आधी डिस्कवर उतरविली, विचारणाऱ्या चौकटीत त्या फोल्डरचा पत्ता दिला, आणि डागडुजी पुरी झाली. सरांचे शब्द पुन्हा मराठी झाले.

नोंदी आता युनिकोडमध्ये आहेत. रूपांतरात काही जोडाक्षरे बिघडली, म्हणून मूळ फाइली, फॉन्ट आणि सीडीची नक्कल एकत्र ठेवली आहे. नवा पाठ सिद्ध झाला तरी जुनी प्रत टाकू नये, असे सर वर्गात सांगत. परीक्षेत आम्ही ते उत्तम लिहिले होते. फाइली पुसताना मात्र आठवले नाही.