एक डॉलरपासून

ब्लॅकजॅकमध्ये पाने मोजायला शिकणाऱ्याची खरी तालीम घरच्या टेबलावर होते. कॅट पिसायचा आणि एकेक पान उलटत जायचे. दुर्री ते छक्की आली की एक मिळवायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. दश्शी, चित्र किंवा एक्का आला की एक वजा. 52 वे पान पडले की हिशेब शून्यावर यायला हवा. सुरुवातीला कधी तो दोनवर अडतो, कधी वजा तीनवर. मग डोळ्यांना जोड्या दिसू लागतात. पंजी आणि राणी लागोपाठ आल्या की एकमेकींना खोडतात, त्या मोजाव्याच लागत नाहीत. कॅट अर्ध्या मिनिटात संपायला लागला की मुद्दाम रेडिओ मोठा करून पुन्हा पहिल्यापासून.

एवढा खटाटोप कशासाठी? उरलेल्या पानांत मोठी पाने जास्त असली, की पारडे खेळणाऱ्याकडे झुकते. पहिल्या दोन पानांत 21 जुळण्याची शक्यता वाढते. डीलरलाही ती वाढते, पण दीडपट पैसे फक्त खेळणाऱ्याला मिळतात. शिवाय डीलरला 17 होईपर्यंत पान घ्यावेच लागते, त्यामुळे तो 21 च्या पुढे जाऊन अधिक वेळा फुटतो. अशा वेळी डाव मोठा लावायचा, एरवी लहान.

हे गणित जगासमोर मांडणारा एडवर्ड थॉर्प हाही कधी नवखाच होता. 1958 च्या डिसेंबरात तो लास व्हेगासला गेला तेव्हा खिशात चांदीचे 10 डॉलर होते आणि कुठल्या पानांवर कसे खेळायचे याचा एक छोटा तक्ता. त्यातले साडेआठ डॉलर गेले. पुढे एमआयटीतल्या आयबीएम 704 संगणकावर त्याने हा खेळ उलगडला आणि जानेवारी 1961 मध्ये वॉशिंग्टनला गणितज्ञांसमोर मांडला.

त्यानंतरची त्याची नेवाडावारी नवख्याने बारकाईने पाहावी अशी आहे. पैसा लावणारे दोघे एक लाख डॉलर द्यायला तयार होते. थॉर्पने दहा हजारच घेतले. तेही एकदम टेबलावर ओतले नाहीत. सुरुवात 1 ते 10 डॉलरच्या डावांनी. आकडे त्याला तोंडपाठ होते, सिद्धता हातात होती, तरी हात न थरथरता जेवढी रक्कम सरकवता येईल तेवढीच त्याने सरकवली. मागे बसलेल्यांची घाई त्याने मनावर घेतली नाही. गणितावर विश्वास असणे आणि समोरचे पैसे जाताना तो टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याला ठाऊक होते.

कारण पैसे जातातच. नेमके मोजणाऱ्याची आघाडी साधारण शेकडा एकाच्या आसपास असते. एकही चूक न करता अख्खी रात्र हरता येते. म्हणून नवख्याने घरी परतताना किती हरलो यापेक्षा मोजणी कितीदा तुटली, तक्ता सोडून कितीदा मनाने खेळलो, याची नोंद करावी.

थॉर्पचे डाव पायरीपायरीने 500 डॉलरपर्यंत चढले. ती मोहीम संपली तेव्हा दहा हजारांचे सुमारे 21 हजार झाले होते.