ताकाचं गाव

गेले पाच-सहा वीकेंड इथे शुकशुकाट होता. कारण एकच, धाकट्या भावाचं लग्न. नवरी कुंभकोणमची, आम्ही मोरगावचे. म्हणजे राहायला सगळे पुण्यातच, पण 'मूळ गाव?' असं विचारलं की ही उत्तरं. पुण्याहून हडपसर, सासवड, जेजुरी करत साधारण 65 किलोमीटर, अष्टविनायकातला पहिला गणपती, ते मोरगाव. लग्न मोरगावलाच व्हायचं हा बाबांचा हट्ट. भाऊ लहानपणी खूप आजारी होता तेव्हा ते मयूरेश्वराला तसं बोलले होते म्हणे. नवरीकडच्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही. त्यांची अट एवढीच, की विधी त्यांच्या पद्धतीने व्हावेत. आम्हीही लगेच हो म्हटलं. त्यात काय एवढं!

तर मंडळी, त्यात काय एवढं ते सांगते.

पहिला घोळ तारखेचा. आमच्याकडे आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात मुहूर्त नाहीत. त्यांच्याकडे नेमका आवणी महिना, म्हणजे मध्य ऑगस्ट ते मध्य सप्टेंबर, लग्नसराईचा. आपण गणपतीच्या आरत्या म्हणत असतो तेव्हा तिकडे वराती निघतात. उलट आडी म्हणजे मध्य जुलैपासूनचा महिना आणि मार्गळी म्हणजे मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी त्यांना चालत नाही. आपले महिने चंद्राचे, त्यांचे सूर्याचे. मी चक्क एक्सेल उघडून दोन्ही पंचांगांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. दोन टेबलांचं जॉइन ते काय, रोजचंच काम. पण तिसरं टेबल विसरले. माघी चतुर्थीला मोरगावात यात्रा असते, चिंचवडहून पालखी येते, गावात पाय ठेवायला जागा नसते. ते आत्याने आठवण करून दिलं. (आत्या मोरगावातच असते. गावातलं सगळं तिला आधी कळतं.) शेवटी फाल्गुनातला एक रविवार तिन्ही टेबलांत बसला.

मग वेळ. बाबांनी आपल्या सवयीने दुपारी 12 वाजून 35 मिनिटं धरली होती. अक्षता पडल्या की पंगत, तीनपर्यंत गाव मोकळं. नवरीच्या वडिलांनी हे ऐकलं, हळूच चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "संडे ट्वेल्व टु वन-थर्टी, यमगंडम्."

राहुकाळ आपल्याला कॅलेंडरच्या चौकटीतून थोडाफार माहीत असतो, पण हा यमगंडम् मला नवीन होता. दिवसाचे दीड-दीड तासाचे आठ तुकडे करायचे, त्यातला एक राहूचा, एक यमाचा, वार बदलला की तुकडा बदलतो. रविवारी यम 12 ते 1:30, राहू 4:30 ते 6. बुधवारी दुपारी बाराला जावं तर तिथे राहू बसलेला. म्हणजे आपली लाडकी साडेबाराची वेळ आठवड्यातून दोनदा अडते. आणि मुळात त्यांच्याकडे शुभकार्य सकाळी. साडेसात ते नऊ ही वेळ त्यांना हवी होती.

बाबा म्हणाले, "सकाळी साडेसातला गाव कसं येणार? त्यांचं जे काय आहे ते सकाळी घरच्या घरी उरकू दे की. मुख्य लग्न बारा पस्तीसला."

नवरीचे वडील म्हणाले, "परवायिल्लै." अर्थ सांगावा लागला नाही. परवा म्हणजे आपली पर्वाच, इल्लै म्हणजे नाही. पर्वा नाही, चालेल. बाबा खूश, सगळे खूश.

त्याच आठवड्यात कार्यालय आणि सजावट ठरवायला गेलो. सजावटवाल्याने अल्बम उघडला, "साउथ थीम आहे आपल्याकडे." थर्माकोलचं गोपुर, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची केळीची झाडं, पितळी रंगाच्या समया, मोगऱ्याच्या माळांचा पडदा. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. फोटो झकास आले असते. नवरीचे वडीलही हसून मान डोलवत होते. फक्त निघताना त्यांनी मॅनेजरला एकच प्रश्न विचारला, हॉल सकाळी किती वाजता मिळेल?

"नऊला. आदल्या रात्री दुसरं लग्न आहे, झाडलोट करायला लागते."

ते पुन्हा म्हणाले, "परवायिल्लै."

परतीच्या वाटेवर मी आणि नवरी मागच्या सीटवर होतो. जेजुरी मागे पडल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, अप्पा एकदा परवायिल्लै म्हणाले तर खरंच चालतं. दुसऱ्यांदा म्हणाले तर त्यांनी सोडून दिलेलं असतं."

त्या रात्री मला काही झोप लागली नाही. खर्च निम्मा-निम्मा ठरला होता. म्हणजे हॉलचे निम्मे पैसे भरणाऱ्या माणसाचा हॉलच्या घड्याळावर काडीचा हक्क नव्हता. त्यांच्या मुलीचं त्यांच्या रीतीचं लग्न आम्ही 'घरच्या घरी उरकून' मग त्यांना थर्माकोलच्या गोपुरासमोर फोटोला उभं करणार होतो. आमच्या धंद्यात याला स्किन बदलणं म्हणतात. आतली सिस्टिम आपलीच, वरचा रंग गिऱ्हाइकाच्या आवडीचा. आणि गिऱ्हाईक गप्प बसलं की आपण समजतो, रिक्वायरमेंट पूर्ण!

दुसऱ्या दिवशी नवरीला समोर बसवून मी सगळं नीट लिहून घेतलं, महिनाभर आधी करायला हवं होतं ते. त्यांच्याकडे ताली, म्हणजे मंगळसूत्र बांधताना नवरी वडिलांच्या मांडीवर बसलेली असते. म्हणजे स्टेजवर राजाराणीच्या खुर्च्या नकोत, खाली बैठक हवी आणि समोरच्यांना ती दिसायला हवी. होमाला खरा अग्नी लागतो, म्हणजे गालिचा नको, विटा आणि वाळू हवी. काशीयात्रा असते, त्यात नवरा छत्री-काठी घेऊन संन्यासाला निघतो आणि सासरा त्याला समजावून परत आणतो. म्हणजे चालायला मोकळा रस्ता हवा. ऊंजल असतो, नवरानवरीला झोपाळ्यावर बसवून बायका गाणी म्हणतात. म्हणजे झोपाळा हवा. जेवण केळीच्या पानावर, वाढपी हवेत, बुफे नको. या यादीत गोपुर कुठेच नव्हतं. केळीची झाडं होती, पण खरी, घडासकट. ती गावाजवळच्या एका मळ्यात मिळाली.

बाबांशी मात्र भांडण झालं. ते चिडले, "मी देवाला बोललोय, आणि तू मला घड्याळ शिकवतेस?" मी म्हटलं, "देवाला तुम्ही गाव सांगितलं होतं बाबा, वेळ नव्हती सांगितली." दोन दिवस अबोला. पण तेवढ्यात आणखी मोठं वादळ आलं. त्यांच्या बाजूची पत्रिका छापून आली. वर मयूरावर बसलेला मुरुगन, दोन्ही बाजूंना वळ्ळी आणि देवयानै. आत्याने पत्रिका हातात घेतली आणि कपाळाला हात लावला, "अगं बाई, कार्तिकस्वामी? लग्नाच्या पत्रिकेवर?"

आपल्याकडे कार्तिकस्वामी पक्का ब्रह्मचारी. बायका एरवी त्याचं दर्शनसुद्धा घेत नाहीत. तिकडे बरोबर उलटं आहे. मुरुगनला दोन बायका, आणि ब्रह्मचारी कोण, तर आपला गणपती! त्यांचा पिळ्ळैयार नदीकाठी, पिंपळाखाली एकटा बसलेला असतो. त्यामुळे तिकडून नवरीची आजीही फोनवर विचारत होती, लग्न पिळ्ळैयारच्या गावी का म्हणून. दोन्ही घरांना दुसऱ्याचा देव लग्नाला अपशकुनी वाटत होता. आता बोला!

तोड निघाली ती देवळातच. नवरीचे आईवडील गाव बघायला आले तेव्हा बाबा त्यांना दर्शनाला घेऊन गेले, मीही होते. देवळासमोर नंदी आहे. गणपतीपुढे सहसा उंदीर असतो, नंदी क्वचितच. शंकराच्या देवळात न्यायला निघालेला हा नंदी इथे विसाव्याला थांबला आणि मग हललाच नाही, अशी गोष्ट सांगतात. त्यांनी नंदी बघितला. चार कोपऱ्यांतल्या मिनारांसारख्या बुरुजांकडे बघितलं. आत शेंदूर ल्यालेला मयूरेश्वर, दोन्ही बाजूंना सिद्धी आणि बुद्धी. मग बाबांनी, हिंदी-इंग्रजीची मोडतोड करत, मोराची गोष्ट सांगितली. गणेशपुराणात आहे ती. सिंधू दैत्याला मारायला गणपती मोरावर बसून आला म्हणून तो मयूरेश्वर, आणि अवतार संपवताना तो मोर त्याने धाकट्या भावाला, स्कंदाला देऊन टाकला.

नवरीचे वडील थबकले. "म्हणजे मुरुगनचा मयिल इथून आला?"

मयिल म्हणजे मोर. बाबा म्हणाले, "इथूनच. आमच्याकडून तुमच्याकडे."

मग ते मोठ्याने हसले. आम्ही त्यांना पहिल्यांदाच असं हसताना बघत होतो. तामिळमध्ये 'मोर' म्हणजे ताक! इतके दिवस ते सगळे आमच्या गावाचं नाव ऐकून मनातल्या मनात 'ताकाचं गाव' म्हणत होते आणि भिडेपोटी कुणी बोललं नव्हतं. :)

देवळाच्या पायऱ्या उतरताना बाबांनी स्वतःहून विचारलं, "साडेसात म्हणालात ना? बघतो." एवढंच. पण बघतो म्हणाले की बाबा बघतात. आदल्या दिवशीच्या लग्नघरी आम्ही दोघं जाऊन भेटलो. त्यांनी समारंभ दुपारी आटोपून संध्याकाळी सहाला हॉल सोडायचं कबूल केलं. त्यांच्या रात्रीच्या पंगतीची सोय आम्ही आत्याच्या अंगणात मांडव घालून केली, त्यासाठी बाबांनी जास्तीचे पैसे मोजले आणि त्याबद्दल आजतागायत एक शब्द काढलेला नाही. मॅनेजर हॉलच्या कैच्यांना झोपाळा टांगू देईना, तेव्हा आत्याच्या माळ्यावरचा आजोबांचा झोपाळा उतरवला. पितळी कड्या चिंचेने घासल्या आणि ऊंजल तिच्याच पडवीत केला.

लग्नाच्या दिवशी बाबांची एकच धास्ती, गाव येतंय का. आणि गाव सव्वासातला हजर! डेअरीला दूध घालून, अंघोळी करून, टोप्या घालून. सकाळी उठण्याची अडचण खेड्याला कधीच नसते हो. उशिरा आले ते सगळे पुण्याचे. भाऊ छत्री-काठी घेऊन काशीला निघाला तर रस्त्यावरच्या एका आजोबांनी अडवलं, "काशीला? आरं आधी जेजुरी तर कर!" सासऱ्याच्या आधी त्यांनीच त्याला परत वळवला.

दोन्ही भटजींनी आपसात संस्कृतात काय ठरवलं देव जाणे, पण आधी अंतरपाट धरून आपली मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या आणि लगेच खाली बैठकीवर त्यांचे विधी सुरू झाले. नवरी वडिलांच्या मांडीवर बसली. एरवी ताठ बसणारा तो माणूस लेकीला धरून किंचित पुढे झुकला होता. तालीची पहिली गाठ भावाने बांधली. उरलेल्या दोन नवऱ्याच्या बहिणीने बांधायच्या असतात. त्याला नात्तनार मुडिच्चु म्हणतात, नणंदेची गाठ. मी आदल्या रात्री परकराच्या नाडीवर सराव केला होता, तरी हात थरथरत होते. त्याच क्षणी नादस्वरम् आणि तविल एकदम टिपेला गेले. याला गेट्टी मेळम् म्हणतात, वाईटसाईट काही कानावर पडू नये म्हणून. मागून आमचे एक काका सवयीने ओरडले, "वाजवा रे वाजवा!" दोन्हीचा अर्थ एकच.

आपल्या लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. नणंदेला काम म्हणजे करवली बनून मिरवायचं आणि मानपानाला रुसायचं. इथे मात्र नणंदेच्या गाठींशिवाय ताली पुरी होत नाही. हे मला जर घरच्या घरी उरकलं असतं तर कदाचित कळलंही नसतं.

असो. कुणाच्या घरी असं दोन मुलखांचं लग्न ठरत असेल तर एवढंच सांगेन. सजावटवाल्याचा अल्बम शेवटी बघा. आधी समोरच्यांना विचारा, तुम्हाला हॉल किती वाजता लागतो, कुणी कुठे बसायचं, अग्नी कुठे पेटवायचा, झोपाळा कुठे टांगायचा. आणि उत्तर 'चालेल' असं आलं तर ते कितव्यांदा आलं ते मोजा.

पंगतीत सांबार झालं, रसम झालं, शेवटचा भात आला. बाबा स्वतः हातात तांब्या घेऊन वाढायला उभे राहिले. व्याह्यांच्या पानाशी वाकून त्यांनी मोठ्या ऐटीत विचारलं, "मोर?"