गीझर पेटला, पण...

गॅस गीझरचा फंडा सिंपल आहे. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, स्विच दबतो, दोन जाड सेलवर ठिणगी पडते. टिक टिक टिक... भप्प! टिकटिक होते पण ज्योत नाही, तर सिलिंडर-रेग्युलेटर बघा. टिकटिकच नाही, तर सेल किंवा पाणी.

आमच्या करमाळ्याच्या घरी टिकटिकच नव्हती. नवे सेल टाकले, तरी ढिम्म! दहा मीटर उंचीला कुठे एक बार दाब मिळतो आणि आमची टाकी बाथरूमच्या डोक्यावरच. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी. गॅस-पाणी बंद करून गीझरच्या तोंडाशी असलेली जाळी काढली, तर पांढऱ्या खड्यांनी गच्च. जुन्या टूथब्रशने घासली आणि भप्प!

मग वर बघितलं. झरोक्यात पोतं कोंबलेलं.

"थंडी येते गं," आई म्हणाली.

खरं टेन्शन हेच. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो, म्हणून गळती कळते. कोंडलेल्या बाथरूममध्ये अर्धवट जळणातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. डोकं गरगरतं, माणूस कोसळतो आणि कडी आतून असते.

"इतकी वर्षं काय झालं?"

मी पोतं काढलं, तिने परत कोंबलं. शेवटी बाबांनी प्लंबरकडून गीझर मागच्या भिंतीला, बाहेर लावून घेतला. वर पत्रा. पोतं मात्र अजून तिथेच आहे.