बोटाला कळणारा मासा

भिलाईहून समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही. पूर्वेला निघालं तर अख्खा ओडिशा ओलांडावा लागतो, पश्चिमेला अख्खा महाराष्ट्र. तरीही सेक्टरमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये खाडी रोज असायची. बाबांच्या बोलण्यात असायची.

बाबा मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतर देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथे नोकरीला आली. बाबा १९७० च्या सुमारास आले. कोक ओव्हनच्या धगीत आयुष्य काढलं आणि निवृत्त होऊनही इथेच राहिले. दर वर्षी कोकणात जाणं परवडत नव्हतं. मग ते मला दुर्गजवळ शिवनाथच्या काठी न्यायचे, दोरी आणि गळ घेऊन.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे बाबांचे डोळे. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. या आजारात डोळ्यातला दाब वाढून बहुतेक वेळा आतली नस हळूहळू निकामी होते. आधी कडेचं दिसणं जातं, म्हणून माणसाला लवकर कळतच नाही. गेलेली नजर परत येत नाही; उरलेली टिकवायची असते, आणि त्यासाठी थेंब रोज न चुकता घालायचे असतात. बाबा थेंब घालतात. पण त्यांनी बाहेर पडणं सोडलं. बाजार बंद, मंडळाच्या गणपतीला जाणं बंद. "धडपडलो तर तुम्हालाच त्रास," एवढंच म्हणतात.

या नाताळच्या सुट्टीत मी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन देवबागला निघाले, तेव्हा बाबांनाही खूप आग्रह केला. ते आले नाहीत. मला म्हणाले, "तिला गरी धरायला शिकव. बाकी काही आणू नकोस."

दुर्गहून मुंबई, मुंबईहून कोकण रेल्वेने कुडाळ आणि तिथून मालवणमार्गे देवबाग. गाव म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. हल्ली तिथे पर्यटकांच्या बोटी धडधडत असतात, त्यामुळे काका आम्हाला संगमापासून आत, माडांच्या सावलीतल्या शांत काठावर घेऊन गेले.

खाडीत गरवायला हिवाळा चांगला. पावसाळ्यात नदीचं गढूळ गोडं पाणी खाडी भरून टाकतं आणि खारं पाणी समुद्राकडे रेटलं जातं. पाऊस सरला की नदीचा जोर ओसरतो, पाणी निवळतं आणि भरतीबरोबर खारं पाणी पुन्हा आत आत शिरू लागतं. त्याच्यासोबत समुद्रातले मासेही येतात. शिवाय ऊन सोसवतं, म्हणून लहान मूल दोन तास काठावर बसू शकतं.

पण कधी जायचं? काकांनी मोबाइल काढला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. पौष शुद्ध पंचमी. "पाच पाऊणे पावणेचार," ते म्हणाले. कोकणातला हा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची, जितके येतील तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. खाडीत आत गेलं की थोडा आणखी उशीर धरायचा. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घ्यायचे. ती पाऊणकी इथे अजून रोजच्या कामात आहे. लेकीला पाढे येत नाहीत, पण "पाच पाऊणे पावणेचार" तिने गाण्यासारखं पाठ केलं.

आम्ही दीडला काठावर बसलो. पाणी आत येत होतं. मासा भरतीच्या पाण्याबरोबर काठाकडे खायला येतो, म्हणून भरतीचे शेवटचे दोन तास चांगले. काकांनी आधी एक काम केलं. पाण्यापासून चार पावलं वर रेतीत एक काठी रोवली आणि लेकीला सांगितलं, पाणी काठीला लागलं की आपण उठायचं, मासा लागलेला असो नाहीतर नसो. तिच्या अंगात मी तरंगायचं जॅकेट घातलं होतं. तरी ती काठी मला जॅकेटपेक्षा मोलाची वाटली, कारण नजर ठेवण्याचं काम त्या काठीने तिच्याकडेच दिलं. दर थोड्या वेळाने तीच मागे वळून बघायची.

सामान साधं. हातभर लाकडाला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिशाचं वजन, त्याच्या वर छोटी गरी आणि गरीला कोळंबीचा तुकडा. रीळ नाही, काठी नाही. लेकीच्या गरीचा उलटा काटा काकांनी पक्कडीने दाबून सपाट केला होता. चुकून बोटात गेली तर सहज निघावी आणि लहान मासा सोडायचा झाला तर त्याचं तोंड फाटू नये म्हणून. ज्यांना मुलांना मासे धरायला न्यायचं आहे, त्यांनी एवढं तरी जरूर करावं.

दोरी टाकून काकांनी ती तिच्या तर्जनीवरून घेतली. "डोळ्यांनी बघू नको गो चेडवा. बोटाक कळतला."

पहिला अर्धा तास बोटाला काहीच कळलं नाही. तिने कंटाळून रेतीत घर बांधलं, बिस्किट खाल्लं, पुन्हा दोरी घेतली. मग एकदम ताठ बसली. काका हळूच म्हणाले, "रव. खाऊक दी आधी." टुकटुक झालं, थांबलं, आणि मग दोरी सरळ ओढली गेली. दोघांनी मिळून ओढून काढलं तर काळुंदर! तळहाताएवढा, अंगावर मोत्यासारखे ठिपके.

लेक आनंदाने उडी मारेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "आई, त्याला दुखतंय का?"

मी म्हटलं, "हो, दुखत असणार."

मासेखाऊ घरात वाढलेल्या मला याहून वेगळं काय सांगता येणार? नाही म्हणणं खोटं झालं असतं. काकांनी चर्चा केली नाही. हात पाण्यात बुडवून ओले केले, मासा धरला, गरी सोडवली आणि म्हणाले, हा लहान आहे, अजून वाढायचा आहे, सोडूया. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून हात ओले करायचे. लेकीने त्याला स्वतः पाण्यात सोडलं. पुढचे दोन मोठे होते, ते ठेवले. रात्री ताटात आले तेव्हा तिने बराच वेळ बघितलं आणि मग खाल्ले. मी काही बोलले नाही. खायचं की नाही हे तिचं तिला ठरवू दिलं.

त्या दिवशी एक शेंगटीही लागली. काकांनी लेकीला दोन पावलं मागे उभं केलं. शेंगटीच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो; टोचला तर हात सुजतो, ठणकतो. काटे कसे मोडायचे ते त्यांनी दाखवलं. पाणी काठीला लागलं तेव्हा लेकच ओरडली, "उठा!" आणि आम्ही उठलो.

भिलाईला परतलो तेव्हा जानेवारीची थंडी पडली होती. लेकीने आल्या आल्या बाबांना सगळं सांगितलं. हिंदी, मराठी आणि चार दिवसांत उचललेली मालवणी, सगळं एकत्र. आणि मग म्हणाली, "आजोबा, डोळ्यांनी बघायचंच नसतं. बोटाला कळतं."

बाबा काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी स्वतःहून म्हणाले, "शिवनाथवर जाऊया काय?"

दुर्गपासून थोडं बाहेर, पायऱ्या असलेला एक उथळ घाट आम्ही निवडला. मी बाबांचा हात धरून एकेक पायरी सांगत उतरवलं. गाडीपासून काठापर्यंतचं अंतर नेहमी पाच मिनिटांचं, त्याला वीस मिनिटं लागली. ते दोनदा थांबले आणि एकदा "परत जाऊया" म्हणाले. तेव्हा लेकीने त्यांचा दुसरा हात धरला. खाली पोचल्यावर दगडावर बसून त्यांनी दोरी तर्जनीवरून घेतली आणि त्यांचे खांदे खाली आले. घरात पाण्याचा पेला शोधताना चाचपडणारा तोच हात इथे अगदी स्थिर होता.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी लेकीला विचारलं, "गरी खेले बर आय हस का नोनी?"

तिने चकित होऊन माझ्याकडे बघितलं. छत्तीसगढीतही गळाला गरीच म्हणतात आणि गळ टाकून मासे धरण्याला गरी खेळणं. बाबा हसले. म्हणाले, नोकरीला लागलो त्या वर्षी इथे पहिल्यांदा आलो. कोणाची भाषा धड कळत नव्हती. अशाच कोणीतरी हा शब्द उच्चारला आणि वाटलं, इथे राहता येईल.

ही गोष्ट मी या आधी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

लेकीचा पुढचा प्रश्न तयारच होता. "इथे भरती किती वाजता?" बाबांनी तिला सांगितलं, इथे भरती येत नाही. पण हे पाणी महानदीत जातं, हिराकुडच्या धरणातून पुढे जातं आणि पारादीपजवळ समुद्राला मिळतं. तिथे त्याला भरती लागते. "म्हणजे हीसुद्धा खाडीलाच चाललीय," ती म्हणाली.

थंडीत नदीचा मासा सुस्तावतो, फारसा खात नाही. तासाभरात एक छोटा टेंगना लागला, तोही बाबांच्याच बोटाला. लेक लगेच दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "आजोबा, याला पण काटे असतात. शेंगटीसारखे." बाबांनी कापडाने तो धरला आणि तिला काटे मोजायला लावले. तीन. मग हात ओले केले आणि सोडून दिला.

आता दर दुसऱ्या रविवारी आम्ही जातो. बाबांची नजर सुधारलेली नाही आणि सुधारणारही नाही, हे त्यांना माहीत आहे. पण शनिवारी रात्री ते स्वतः तंगूस तपासतात, बोटांनी गाठी बघतात आणि लेकीला हाक मारून विचारतात, "सहा पाऊणे किती?"

"साडेचार!" आतून आवाज येतो.