शिवला म्हणजे बाद

शाळेच्या आठवणी निघाल्या की आपल्या लष्करातले सगळे जण मास्तरांची छडी, गणेशोत्सवातली नाटकं आणि मेळ्यातली भजी यांवर लिहितात. मीही लिहिलंय. आज पी.टी.च्या तासाबद्दल लिहितो. गोष्ट साठ वर्षांपूर्वीची आहे. घरात दोघांशिवाय कोणाला सांगितलेली नाही. शाळेचं नाव लिहीत नाही; ओळखणारे ओळखतील, त्यांनीही लिहू नये.

मी नववीत होतो, म्हणजे १९६४-६५. शाळा हिंदी माध्यमाची, पण वर्गात निम्मी मुलं आपली मराठी. पी.टी. शेवटच्या तासाला. नियम एकच, पांढरे कॅनव्हासचे बूट पाहिजेत. ज्याच्याकडे नाहीत त्याने चबुतऱ्यावर उभं राहायचं. आम्ही आदल्या रात्री बुटांना खडू फासायचो. ज्यांच्या घरी एकच जोडी चप्पल, तीही भावाबरोबर वाटून, ते चबुतऱ्यावर. आणि त्यांच्याच शेजारी धाप लागणारी, जाडी, चष्मेवाली मुलं. ती खोटी चिठ्ठी आणून आपणहून तिथे जायची. एकाला खेळायचं नाही आणि दुसऱ्याला खेळू देत नाहीत, पण दोघांची रांग एकच. सरांच्या वहीत दोघांपुढे एकच फुली. मी पुढे आयुष्यभर खतावण्या तपासल्या, पण अशी चुकीच्या खात्यात टाकलेली नोंद दुसरी पाहिली नाही.

चबुतऱ्यावर एक मुलगा असायचा. शाळेमागच्या वाल्मीकी वस्तीतला. वडील सफाईच्या कामाला. त्याचं नाव मला आठवतं, पण इथे लिहिणार नाही. वर्गात त्याला नावाने हाक मारणारे कमीच होते, सगळ्यांना त्याची जात पाठ होती. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ साली झाला, नागरिकशास्त्रात आम्ही तो पाच मार्कांना लिहायचो. लिहून झालं की व्हरांड्यातल्या माठाकडे जायचो. तिथे शिपाई आम्हाला पेला द्यायचा आणि त्याच्या ओंजळीत वरून धार धरायचा. कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

त्या हिवाळ्यात एक नवे सर आले. आपल्या ग्वाल्हेरला रेसकोर्स रोडकडे शारीरिक शिक्षणाचं कॉलेज आहे, आता त्याला एल.एन.आय.पी.ई. म्हणतात. १८५७ला शंभर वर्षं झाली म्हणून १७ ऑगस्ट १९५७ला सुरू केलं. झाशीच्या राणीने इथेच देह ठेवला, म्हणून तिचं नाव. खेळाची पदवी, तीही तीन वर्षांची, हे ऐकून आमच्या वाड्यातली वडीलधारी मंडळी हसायची. "उड्या मारायला तीन वर्षं?" तर तिथले विद्यार्थी शाळांमधून सरावाचे पाठ घ्यायला यायचे, त्यांतले हे एक. दक्षिणेकडचे. हिंदी इतकी मोडकी की पहिले दोन दिवस आम्ही नकला करण्यातच घालवले.

त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बूट काढायला लावले. मैदानात माती आहे, अनवाणी खेळा. चबुतरा एका मिनिटात रिकामा झाला. जाडी मुलंसुद्धा खाली आली, बिचारी.

दुसरी गोष्ट मला जास्त झोंबली. तोवर टीम पाडायची पद्धत म्हणजे दोन कॅप्टन पुढे उभे राहणार आणि आळीपाळीने एकेकाला बोलावणार. मी कायम कॅप्टन. आधी आपल्या गल्लीतले, मग बरे खेळणारे, मग उरलेसुरले. सगळ्यात शेवटी दोघं-तिघं राहायचे तेव्हा आम्ही दोघं कॅप्टन चक्क भांडायचो, "तू ले ले, मुझे नहीं चाहिए." त्यांच्यासमोर! नव्या सरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि म्हणाले, मोजा. एक-दो, एक-दो. एकवाले इकडे, दोवाले तिकडे. झाली टीम. माझं कॅप्टनपद त्या एक-दो मध्ये गेलं.

त्या मोजणीत तो माझ्या बाजूला आला. खेळ कबड्डी. आता मराठी माणसांना एक गंमत सांगतो, जी मला फार उशिरा सुचली. कबड्डीत आपण काय म्हणतो? 'शिवला'. गडी शिवला की बाद. आणि आजी ज्याला घाबरायची ती 'शिवाशीव'. शब्द तोच, आणि दोन्हीकडे शिवल्यावर माणूस बाहेर. फक्त खेळात समोरचा एक गडी बाद झाला की आपला आधी गेलेला एक परत आत येतो. घरच्या नियमात तशी सोय नव्हती.

तो कसा खेळायचा? खालून जायचा. आम्ही उभ्याने चढाई करायचो, हा जवळजवळ जमिनीला टेकून. पायाच्या बोटाने शिवून रेषेपर्यंत कधी पोचला ते कळायचं नाही. एकदा सरांनी पाठुंगळीची शर्यत लावली, जोड्या पुन्हा मोजूनच, आणि तो माझ्या पाठीवर आला. हलका होता, अगदी हलका. आम्ही दुसरे आलो. घरी जाऊन मी विहिरीवर आंघोळ केली. खेळून आलो की रोजच करायचो, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. त्या दिवशी का केली ते मला ठाऊक होतं.

सर गेले. पाठ संपले की त्यांना जायचंच होतं. आमचे जुने सर परत आले, बूट परत आले, चबुतरा भरला. पण शाळांच्या सामन्यासाठी टीम पाठवायची होती आणि जुन्या सरांनाही डोळे होतेच. त्यांनी मला बोलावलं, "वो नीचे से जाने वाला लड़का रखो." त्यालाही तिथेच उभं केलं होतं.

आता इथे शाळेची एक रीत सांगायला हवी. सामना झाला की कॅप्टनच्या घरी सगळ्या टीमचं खाणं. आईने पुरी-भाजी आणि शिरा करायचं ठरवलं होतं. ओसरीवर पंगत. आजी सोवळ्यात. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, हे मुद्दाम लिहितो. ना आईने, ना आजीने, ना सरांनी. चौदा वर्षांच्या मुलाने मनातल्या मनात पंगत मांडून पाहिली, त्यात एक पाट बसेना, आणि तो म्हणाला, "सर, उसका घुटना दुख रहा है. बायाँ वाला."

सरांनी त्याला विचारलं, "क्यों रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाला, "जी सर, दुखता है." आणि वळून फाटकाकडे निघाला, लंगडत. मी डावा म्हटलं होतं, तो डाव्यानेच लंगडत गेला. फाटकाबाहेर गेल्यावर सरळ चालू लागला, ते मला भिंतीवरून दिसलं.

सामना आम्ही जिंकला. असल्या गोष्टींत हरायचं असतं, पण आम्ही जिंकलो. पुऱ्या छान झाल्या होत्या. आजीने वाढता वाढता हळूच विचारलं, "सगळे आपलेच ना रे?" मी हो म्हणालो.

तो दहावीत वर्गात नव्हता. कुठे गेला, कोणी विचारलं नाही. मी बी.कॉम. केलं, बँकेत लागलो. काही वर्षं बिर्लानगरच्या बाजूला होतो. जे.सी. मिल तेव्हा चालू होती, पगाराच्या आठवड्यात काउंटरवर रीघ लागायची. मी सह्यांच्या कार्डांवर ते नाव शोधायचो. एकदा सापडलं, आला तो भलताच, वयाने मोठा. मी उगाचच त्याला खुर्ची दिली, तो गोंधळून गेला.

आईला मी हे सांगितलं ते फार उशिरा, ती पंचाहत्तरीची असताना. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "मला विचारायचंस तरी. मी त्याला अंगणात वाढलं असतं." तिला वाटलं, माझं मन हलकं होईल.

२४ फेब्रुवारी २०१०ला सचिनने आपल्या रूपसिंह स्टेडियमवर दोनशे केले, तेव्हा मी मुलाबरोबर तिथे होतो. आसपास सगळे आपले, 'आपला सचिन' म्हणून घसा बसेस्तोवर ओरडत होते. मीही. परत येताना मुलाला पालवणकर बाळूंची गोष्ट सांगितली, मी तेव्हा नुकतीच वाचलेली. पुण्याचा चर्मकार मुलगा, साहेबांच्या क्लबात मैदान राखायचा आणि त्यांना सरावाला गोलंदाजी टाकायचा. पुढे हिंदूंच्या टीमने घेतलं, कारण विकेट हव्या होत्या. चेंडू त्याच्या हातचा चालायचा, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी त्यांना हिंदूंचं कप्तानपद मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली. मुलगा म्हणाला, "बाबा, किती वाईट लोक होते." मी स्कूटर चालवत राहिलो.

आता नातू आठवीत आहे, खासगी शाळेत. परवा जेवताना कोणाबद्दल तरी म्हणाला, "तो आरटीईवाला." शिक्षणहक्काच्या २५ टक्क्यांतून जी मुलं येतात, त्यांना हे नाव पडलंय. मी विचारलं, खेळतो कसा? "फास्ट आहे. पण त्याला शेवटी घेतात." का? खांदे उडवले. "त्याचे शूज तसले आहेत. आणि तो आमच्या ग्रुपमध्ये नाही ना, आजोबा." टीम कोण पाडतं? "कॅप्टन." माझा नातू कॅप्टन आहे.

त्या रात्री त्याला सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "पण तो 'दुखतंय' का म्हणाला? खोटं कशाला बोलला?" साठ वर्षं मलाही तेच विचारायचं आहे.

पालक सभेला मी गेलो. खेळाच्या बाई तरुण आहेत, इथल्याच कॉलेजच्या. मी भीत भीत एक-दोचं सुचवलं. त्या हसल्या, "अंकल, ये तो हमें फर्स्ट ईयर में सिखाते हैं. पैंतीस मिनट का पीरियड है, पचास बच्चे. कप्तान जल्दी निपटा देते हैं." तरी म्हणाल्या, करून बघते.

शुक्रवारी नातू फणफणत घरी आला. दप्तर फेकलं. पोहे नकोत म्हणाला. मॅडमने मोजून टीम पाडल्या, सगळे मित्र समोर गेले, ह्याच्या वाट्याला कोणी धड आलंच नाही. "आणि तो पण तिकडेच! आजोबा, तीनदा मला शिवून गेला."